गुण उषाचे की माधवीचे

परभणीत ‘पॉइंट’ म्हटलं की लोकांना विजेचा पॉइंट आठवतो. कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी एका गिऱ्हाइकाला म्हटलं, "तुमच्या कार्डावर पॉइंट जमलेत," तर त्यानं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "वायर कुठून जोडायची?" तो चेष्टा करत होता की खरंच विचारत होता, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. आमच्या मालकांनी, म्हणजे अण्णांनी, त्याच संध्याकाळी हुकूम काढला. "आजपासून पॉइंट बंद. गुण म्हणायचं. गुण समद्यांना समजतेत."

समजत खरे, पण प्रत्येकाला वेगळे. शाळामास्तरांना गुण म्हणजे परीक्षेतले. आजाऱ्याला गुण म्हणजे औषधाचा उतार. आणि ज्यांच्या घरात लग्नाची मुलगी आहे त्यांना गुण म्हणजे पत्रिकेतले. आमच्या घरात त्या वेळी माझ्या पत्रिकेची देवाणघेवाण चालू होती, त्यामुळे ऑफिसात दिवसभर गुण जुळवून घरी गेले की वडील आणि आई तेच करत बसलेले दिसत. मी ह्याबद्दल दोन्हीकडे काही बोलत नसे.

बोलणं हा माझा प्रांतच नव्हता. माझी शाळा हैदराबादला मामांकडे राहून झाली, इंग्रजी माध्यमातून. बी.ए. करून परभणीला आले तेव्हा माझं इंग्रजी चांगलं होतं, मराठी पुस्तकी होतं आणि चार माणसांसमोर तोंड उघडायचं म्हटलं की वाक्य मध्येच तुटे. अण्णा वडिलांच्या ओळखीचे. स्टेशन रोडवर एका खोलीत त्यांची ट्रॅव्हल एजन्सी होती. रेल्वेची रिझर्वेशनं, लग्नाच्या वऱ्हाडाला बस, कधीमधी विमानाचं तिकीट. ते औरंगाबादहून एसटीच्या पार्सलानं येई. बोलायला त्यांना माणूस नको होतं, ते काम ते स्वतः सकाळपासून करत. त्यांना बारीक अक्षरातलं इंग्रजी वाचणारं कोणीतरी हवं होतं.

त्याचं कारण असं. त्या सुमारास एका परदेशी बँकेची टाय लावलेली मुलं जिल्ह्यात फिरली आणि डॉक्टर, वकील, बी-बियाण्यांचे व्यापारी ह्यांना क्रेडिट कार्डं देऊन गेली. परभणीत ते कार्ड घेणारं एकही दुकान तेव्हा मला माहीत नव्हतं. लोक ते औरंगाबादला, मुंबईला, हैदराबादला गेले की काढत. खर्च केला की बँक त्यावर गुण देई. गुणांच्या बदल्यात बँकेकडून थर्मास, मनगटी घड्याळ असलं काहीतरी मागवता येई. पण खरी गंमत वेगळीच होती. नव्यानं सुरू झालेल्या एका खाजगी विमान कंपनीशी आणि काही मोठ्या हॉटेलांशी बँकेचा करार होता. त्यांचे स्वतःचे गुण असत, नेहमी येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी. बँकेतले गुण उचलून त्यांच्याकडे नेता येत. तिकडे पुरेसे साठले की विमानाचं तिकीट फुकट, हॉटेलातली खोली फुकट.

हे ऐकायला सोपं आहे. करायला बसलं की नियमांचं पुस्तक उघडावं लागे, आणि ते मी उघडे. बँकेचा गुण तिकडे गेल्यावर तेवढाच राहत नसे, आटत असे. जायला कित्येक आठवडे लागत. विमानात गुणांवर बसणाऱ्यांसाठी मोजक्या जागा, त्याही सणासुदीला नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचं, एकदा नेलेले गुण परत आणता येत नसत. विमानाकडे धाडले आणि मग वाटलं की हॉटेल बरं, तर उपयोग नाही. अण्णा हा नियम गिऱ्हाइकाला त्यांच्या पद्धतीनं सांगत. "लेक सासरी धाडायलात असं समजा. गेली ती गेली. माघारी न्हाई. नीट इचार करा, मग सही करा."

शेवटचा नियम नावाचा होता. कार्डावरचं नाव आणि विमान कंपनीच्या सभासदाचं नाव अक्षर न् अक्षर एक हवं. आपली नावं इंग्रजीत पाच तऱ्हांनी लिहिली जातात. एका ठिकाणी ‘राव’ असतं, दुसरीकडे नसतं. एका ठिकाणी वडिलांचं पूर्ण नाव, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर पाही आणि अण्णा आपल्या खुर्चीतून मोठ्यानं विचारत, "काय, जुळले का गुण?" बाकड्यावर बसलेले लोक माझ्याकडे पाहून हसत. मी मान खाली घालून ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणे.

जिंतूरचे एक बियाण्यांचे व्यापारी होते. त्यांच्याकडे गुण भरपूर. ते एकदा ऐन लग्नसराईत आले आणि म्हणाले, "म्याडम, हे गुण माझ्या मेव्हण्याच्या नावानं करा. आहेरात द्यायचेत."

"देता येत नाहीत."

"का बरं? माझेच हायत ना?"

"तुमचेच आहेत. म्हणूनच."

"हे बरंय! माझी वस्तू हाय अन् मलाच देता येईना. बँकेनं काय उसने दिलेत का?"

मी त्यांना नियम वाचून दाखवला. त्यांनी अण्णांकडे पाहिलं. "अण्णा, ही पोरगी कायद्याची लय पक्की हाय. हिला माझ्या उधारीच्या वसुलीवर बसवा." शेवटी त्यांनी ते गुण स्वतःच्याच नावानं विमानाकडे नेले. विमानात ते कधी बसले नाहीत. भीती वाटते, हे त्यांनी मला वर्षभरानं हळूच सांगितलं.

परभणीतल्या एका डॉक्टरांनी हॉटेलाकडे गुण नेले आणि सहकुटुंब मुंबईला राहून आले. त्यांच्या पत्नी परत आल्यावर तक्रार घेऊन आमच्याकडे आल्या. खोलीची खिडकी उघडत नव्हती. आणि गुणांत जेवण धरलेलं नव्हतं. "मग काय केलंत?" अण्णांनी विचारलं. "करायचं काय? धपाटे नेले होते, शेंगदाण्याची चटणी होती. त्या गालिच्यावर वर्तमानपत्र पसरलं अन् जेवलो. पोऱ्या ताट विचारायला आला, त्याला पण एक दिलं." त्या रागानं सांगत होत्या, पण मला वाटलं, त्या हॉटेलात त्या दिवशी सर्वांत सुखानं तेच लोक जेवले असतील.

अशी माणसं पुष्कळ आठवतात. पण त्या दिवसांबद्दल लिहायला बसले तेव्हा मनात आधी आल्या त्या पाथरीच्या चारठाणकरबाई.

त्या दिवाळीनंतर आल्या. जीप करून, मागच्या सीटवर आडव्या पडून. कमरेला रुंद पट्टा. अण्णांनी खुर्ची पुढे केली तर म्हणाल्या, "मी उभीच बरी. बसलं की उठवायला माणूस लागतं." पुढे जितक्या वेळा आल्या, तितक्या वेळा त्यांनी काउंटरला टेकून उभ्यानंच बोलणं केलं. वय पंचेचाळिशीच्या आतबाहेर असेल. त्यांचे यजमान पाथरीतले नावाजलेले वकील. हायकोर्टाच्या कामाला औरंगाबादला त्यांचं सारखं जाणं असे.

"मला दिल्लीला जायचंय, विमानानं," त्या म्हणाल्या. "गुण आहेत माझ्याकडं. माझे स्वतःचे."

वकिलांनी कार्ड घेतलं तेव्हा बँकेनं बायकोच्या नावाचं पुरवणी कार्डही दिलं होतं. त्या बँकेत अशा कार्डाची मर्यादा वेगळी असे आणि गुणही वेगळे जमत. ते कार्ड वर्षभर कपाटात पडून होतं. मग मागच्या वर्षी मुंबईला त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलचं बिल वकिलांच्या कार्डाच्या मर्यादेत बसेना, तेव्हा मोठा हिस्सा ह्यांच्या कार्डावर घातला.

"ऑपरेशनचा गुण काही आला नाही," चारठाणकरबाई म्हणाल्या, "पण हे गुण मात्र आले बघा." आणि पाठ न हलवता हसल्या.

दिल्लीला त्यांचा भाऊ होता आणि भावाकडे आई. भावानं कळवलं होतं, आई माणसं विसरायला लागली आहे; तुला ओळखते आहे तोवर येऊन जा. रेल्वेनं जायचं तर मनमाडला गाडी बदलून दोन दिवसांचा प्रवास, आणि तो डॉक्टरांनी साफ मना केलेला. विमानाशिवाय रस्ता नव्हता.

मला पडलेला प्रश्न अण्णांनीच त्यांना विचारला. "वकीलसाहेबांना तिकीट काय जड हाय, बाई?"

त्यांनी सांगितलं ते असं. ऑपरेशनला जाताना औरंगाबादहून मुंबईपर्यंत भावानं त्यांना विमानानं नेलं होतं. तिकीट त्यानंच काढलं. ते वकिलांना लागलं. "घरी आल्यावर म्हणाले, चारठाणकर वकिलाच्या बायकोचं तिकीट मेव्हणा काढतो, मी बाररूममध्ये काय तोंड दाखवू? तेव्हापासून दादाचं नाव घरात निघत नाही. दिल्लीचं काढलं तर म्हणाले, त्याच्या पैशानं तू जायचं नाही, आणि माझ्या पैशानं त्याच्या दारात जायचं नाही. तुझे ते गुण आहेत ना, त्यांच्यावर जायचं तर जा."

"म्हणजे जा म्हणाले," अण्णांनी म्हटलं.

"म्हणाले. त्यांना वाटलं, असल्या कागदांवर कोण विमानात बसवतंय."

त्यांनी पिशवीतून दोन कार्डं काढून माझ्यासमोर ठेवली. बँकेच्या कार्डावर होतं, मिसेस माधवी व्ही. चारठाणकर. विमान कंपनीच्या सभासद-कार्डावर होतं, मिस उषा डी. पेडगावकर.

अण्णांनी सवयीनं विचारलं, "जुळले का गुण?"

मी मान हलवली. आडनावातलं शेवटचं ‘कर’ सोडलं तर काहीच जुळत नव्हतं.

विमानाचं सभासदत्व भावानं मागच्या वर्षीच्या त्या प्रवासात घेऊन दिलं होतं. तिकीट काढताना त्यानं बहिणीचं जे नाव त्याच्या तोंडात होतं तेच सांगितलं. त्या काळी विमानात बसताना तुम्ही कोण हे कोणी विचारत नसे, त्यामुळे उषा पेडगावकर मुंबईला पोचली. नवं सभासदत्व माधवीच्या नावानं घ्यावं, तर त्या कंपनीचा नियम होता की आधी एकदा तरी त्या नावानं त्यांच्या विमानातून गेलेलं असावं.

"पण दोन्ही मीच आहे ना, बाई," त्या मला म्हणाल्या.

मला ते कळत होतं. अण्णांना कळत होतं. बाकड्यावर बसलेल्या अनोळखी माणसालाही कळत होतं. आपल्याकडे मुलगी लग्न होऊन गेली की आडनावच नाही, नावही बदलतं, ह्यात कोणाला काही सांगावं लागत नाही. पण कागदाला सांगावं लागतं. मी त्यांना घरून काय काय आणता येईल ते विचारलं. शाळेचा दाखला होता, त्यावर उषा. लग्नपत्रिका त्यांनी जपून ठेवली होती, तीत चि. सौ. कां. उषा, कारण पत्रिका लग्नाआधी छापतात आणि नवं नाव लग्नात ठेवतात. रेशनकार्डावर माधवी. मतदार यादीत माधवी. लग्नाची नोंदणी तेव्हा कोण करत होतं? उषा एका ढिगात आणि माधवी दुसऱ्या ढिगात. दोघी एकत्र आहेत असा एकही कागद निघेना.

मी मुंबईला विमान कंपनीच्या कचेरीत फोन लावला. फोनवर इंग्रजी बोलायचं असलं की मला त्रास होत नसे, समोर माणूस नसतो. तिथल्या अधिकाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की नाव बदलता येईल, पण ज्यानं ते बदललं त्याचं प्रतिज्ञापत्र लागेल.

"ज्यानं बदललं म्हणजे हे," चारठाणकरबाई म्हणाल्या. "मी त्यांना सांगणार नाही. जा म्हणालेत, तेवढं पुष्कळ आहे. त्यावर आणखी मागायला गेले तर ‘राहू दे’ म्हणतील."

"मग कुणी सांगावं?" अण्णा म्हणाले आणि माझ्याकडे पाहायला लागले. "मी गेलो तर बोलता बोलता भांडण लागंल. हे मला ठाऊक हाय. ही कमी बोलते. हिला धाडतो."

मानवतमार्गे पाथरीला जाणाऱ्या एसटीत मी सगळी वाक्यं मनात जुळवली. इंग्रजीत जुळवली, मग मराठी केली. वकिलांच्या घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं ऑफिस होतं. पक्षकार निघून जाईपर्यंत मी बाहेर बसले. आत बोलावल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो इकडे सगळे विचारतात तोच. "कोणाच्या तुम्ही?" मी वडिलांचं नाव सांगितलं. मग कामाचं सांगितलं. जुळवलेल्यांतली निम्मी वाक्यं विसरले होते.

"विमान कंपनीला माझी साक्ष कशाला लागते?"

"नाव तुम्ही बदललंत म्हणून."

"मी बदललं? रीत आहे ती."

"रीतीचा कागद नाही."

ते हसले. "वाः! वकिलाला कागद मागायला आलात. लग्नपत्रिका दाखवा त्यांना."

"त्यात उषा आहे."

"मग रेशनकार्ड दाखवा."

"त्यात माधवी आहे."

"दोन्ही नावं असलेलं काहीतरी असेल की. एवढी वर्षं संसार झालाय."

"नाही सापडलं."

टेबलावरच्या फायली त्यांनी उगीच सरळ केल्या. आतल्या दाराचा पडदा हलत नव्हता, पण पडद्याखाली दोन पावलं दिसत होती. मला दिसत होती, म्हणजे त्यांनाही दिसत असणार.

"उषा नाव वाईट होतं असं नाही," ते म्हणाले. माझ्याशी बोलत होते की पडद्याशी, कळत नव्हतं. "आमच्या आत्याचं नाव उषा. ती आमच्याकडंच असायची. एका घरात दोन उषा कशा चालतील? हाक मारली की दोघी यायच्या. म्हणून आईनं माधवी सुचवलं. मला तर लग्नात ऐनवेळी सांगितलं. ताम्हनात तांदूळ पसरले, भटजी म्हणाले लिहा, मी अंगठीनं लिहिलं. ‘ध’ नीट आला नाही म्हणून सगळे हसले होते."

मग त्यांनी स्वतःच्या हातानं मसुदा लिहायला घेतला. लिहिता लिहिता म्हणाले, "मी म्हटलं होतं, गुणांवर जायचं तर जा. बोललेलं मी फिरवत नाही. पण मेव्हण्याला वाटायला नको की त्याच्यासाठी केलं. माझ्या बायकोच्या दोन नावांची कागदोपत्री भानगड राहू नये, म्हणून करतोय." मी ‘हो’ म्हटलं. पडद्याखालची पावलं तेव्हा तिथून गेली.

मसुदा मराठीत होता, त्याचं इंग्रजी मी केलं. वकिलांनी नेमकेपणानं लिहिलं होतं की विवाहप्रसंगी रूढीप्रमाणे ताम्हनात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने मी वधूचे नाव माधवी असे लिहिले. हे वाक्य इंग्रजीत केल्यावर मला फार उघडंवाघडं वाटलं, पण मी ते तसंच ठेवलं. त्यांनी त्यावर रीतसर शपथ घेऊन सही केली.

ते पाकीट मुंबईला धाडायच्या आठवड्यात विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला. इतकी वर्षं आम्ही लहानपणापासून ज्याच्याबद्दल ऐकत होतो ते नामांतर झालं. शहरात काही वस्त्यांत पेढे वाटले गेले आणि रात्री रोषणाई झाली, काही रस्त्यांवर दुकानं बंद राहिली. चौकाचौकांत पोलीस, एसटी बंद. ऑफिसात येणारा प्रत्येक माणूस नावाबद्दलच बोलत होता, आवाज चढवून किंवा मुद्दाम खाली आणून. मी माझ्या टेबलाशी बसून ऐकत होते आणि माझ्या खणात एका बाईच्या नावाचं पाकीट होतं. नाव म्हणजे काय असतं ते मला त्या आठवड्यात जरा कळलं, असं मी म्हणेन. त्याहून जास्त म्हणायचा मला अधिकार नाही.

शेवटी मुंबईला निघालेल्या एका कापडवाल्याच्या हाती अण्णांनी ते पाकीट रेल्वेनं धाडलं. थोड्या दिवसांनी कंपनीच्या त्या अधिकाऱ्याचा फोन आला.

त्यानं इंग्रजीत विचारलं, "हे तांदूळ म्हणजे काय?"

मी सांगितलं.

"शिजवलेले?"

"नाही. कोरडे."

"आणि लिहिलेलं मग कुठे ठेवतात?"

"ठेवत नाहीत. तांदूळ गोळा करतात."

मग तो म्हणाला की ठीक आहे, एक अर्ज पाठवतो, सभासदाची सही घ्या.

अर्जावर दोन सह्या होत्या. वरची नव्या नावाची, खालची जुन्या नावाची, आणि जुन्या सहीच्या वर छापलेलं होतं की हे नाव ह्यापुढे रद्द समजावे. मी चारठाणकरबाईंना ते मराठीत वाचून दाखवलं.

"रद्द?"

"त्यांचा शब्द आहे तो," मी म्हटलं. "नमुनाच तसा असतो."

"असू दे." त्यांनी माधवीची सही झरझर केली. उषाच्या सहीला मात्र वेळ लागला. भावानं सभासद केलं तेव्हा त्यांनी ती एकदा केली होती, त्याआधी लग्नाअगोदर. काउंटरला टेकून, एक हात कमरेवर ठेवून त्यांनी ती हळूहळू काढली, शाळेतल्या मुलीसारखी, गोल. मग म्हणाल्या, "वडील शिकवायचे सही. ‘पेडगावकर’मधला ‘क’ मोडायचा नाही म्हणायचे."

मी तो अर्ज आणि गुण न्यायचा बँकेचा अर्ज आपापल्या पाकिटांत घातले. गुण गेले, माघारी न येण्यासाठी.

सभासदत्व माधवीच्या नावावर झालं, बँकेतून गुण तिकडे पोचले, आणि होळीच्या आधी औरंगाबाद ते मुंबई आणि मुंबई ते दिल्ली अशी त्यांना जाऊन-येऊन जागा मिळाली. जाण्यायेण्याला लागतील तेवढेच गुण होते, वर काही उरलं नाही. वकीलसाहेबांनी औरंगाबादपर्यंत मोटार दिली. पेट्रोल त्यांच्या पैशानं झालं, पण ते औरंगाबादपर्यंतचंच होतं, दिल्लीच्या दारातलं नव्हतं. असं अण्णांचं म्हणणं.

त्या परत आल्यावर भेटल्या तो माझ्या नोकरीचा शेवटचा आठवडा होता. गुणांचं काम औरंगाबादच्या मोठ्या एजन्सीकडे जायचं ठरलं होतं. तिथे आता कॉम्प्युटर आला होता. अण्णा बाहेर गेले होते. चारठाणकरबाई नेहमीसारख्या काउंटरला टेकून उभ्या राहिल्या.

"भेटली आई?" मी विचारलं. आपण होऊन कोणाला काही विचारायची मला सवय नाही, पण विचारलं.

"भेटली. दादा म्हणाला, आई, उषा आली बघ. तर माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणते, उषा शाळेत गेलीय. येईल आता. दूध झाकून ठेवा. मी म्हटलं, मीच उषा. तर मला म्हणते, बसा हो तुम्ही, ती येईलच."

मी समोरचं नियमांचं पुस्तक मिटलं.

"रोज तेच. रोज मी पाहुणी. चहा घेतलात का, विचारायची. निघायच्या आदल्या दिवशी मी तिची वेणी घालत होते. तिनं परत विचारलं, कोण तुम्ही? मी पण थकले होते. म्हटलं, मी माधवी चारठाणकर, पाथरीची. तर एकदम मागं वळून माझा हात धरला. म्हणाली, पाथरीला आमची मुलगी दिलीय. चारठाणकरांकडंच. माधवी ठेवलंय तिचं नाव तिथं. तुम्ही ओळखता का तिला? माणसं चांगली आहेत का हो?"

"तुम्ही काय सांगितलं?"

"म्हटलं, आहेत चांगली. नवरा शब्दाला पक्का आहे. फक्त तिची पाठ दुखते, म्हणून तिला यायला जमत नाही." त्यांनी पदरानं काउंटरवरची धूळ पुसली. "तर म्हणाली, मग तिला सांगा, पाठ बरी झाली की ये. घाई नाही म्हणावं."

रस्त्यावर जीपवाला हॉर्न वाजवत होता. त्या निघाल्या नाहीत. काउंटरवर बँकेचं कार्ड ठेवून त्यांनी विचारलं, "परत जायचं तर किती गुण लागतील?"

मी सांगितलं, की पहिल्याइतकेच लागतील, आणि आता खात्यात काहीच नाही. खर्च केल्याशिवाय गुण मिळत नाहीत. त्यांच्या हातून खर्च तो काय होणार, हे मला माहीत होतं.

"मुंबईचे डॉक्टर म्हणालेत, पाठीचं अजून एक ऑपरेशन करावं लागेल," त्या म्हणाल्या. "पावसाळ्याअगोदर. मी ह्यांना म्हटलं, ते सगळं माझ्या कार्डावर घाला."

"काय म्हणाले?"

"हो म्हणाले."